उताणं निजून बांधलेली लढाऊ आगबोट

हे लिहायला घेतलं तेव्हा यांनी विचारलं, "कुणासाठी लिहितेस?" म्हटलं, जिला आज कुणीतरी पांढऱ्या कोटातला माणूस 'आता उठायचं नाही' एवढं सांगून पुढच्या खाटेकडे गेला असेल, तिच्यासाठी. औषधांची नावं मला विचारू नका, ती डॉक्टरांना ठाऊक. मला ठाऊक आहे ते एवढंच, की दीड वर्ष उताणी पडलेली बाई वेडी न होता पुन्हा आपल्या पायांवर उभी राहते. आणि मधल्या काळात रिकामी पडायचं नसेल तर एक लढाऊ जहाजही बांधून काढते. थट्टा वाटली ना? आमच्या सासूबाईंनाही वाटली होती.

मागे राहिलेली चप्पल

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून फार लांब नाही अशा कौलारू चाळीत राहत होतो. हे कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. घरात तिघंच: हे, मी आणि सासूबाई. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझी पाठ दुखायला लागली होती.

पाठ दुखते म्हणजे काय, कोणत्या बाईची दुखत नाही? शेक झाला, तेल झालं, शेजारच्या देवधरबाईंनी दिलेला लेप झाला. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही दोन-दोन हंडे एका खेपेला आणायचो." मीही इरेला पेटून दोन हंडे आणायचे. अशा शहाणपणाला काय म्हणावं!

मग एका सकाळी नळावरून पाणी घेऊन आले, तर हे दारात उभे राहून माझ्या पायांकडे बघत होते. माझी डाव्या पायातली चप्पल नळापाशीच राहिली होती. ती पायातून निघाली, मी अनवाणी पायाने खडीवरून घरापर्यंत आले, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत.

मुंबईच्या इस्पितळात पोचेपर्यंत दोन्ही पायांतलं बळ गेलं होतं; तिथे पाठीचे एक्स-रे फोटो काढले. डॉक्टरांनी ते खिडकीसमोर धरले आणि यांच्याशी इंग्रजीत बोलू लागले. यांचा चेहरा उतरत चालला. मी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, "डॉक्टर, पाठ माझी आहे. माझ्याशी बोला."

ते माझ्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता, सवय नव्हती बिचाऱ्याला. म्हणाले, "मणक्याला क्षय झाला आहे. मणका झिजलाय, त्यामुळे पायांच्या नसा दबल्यात. इंजेक्शनं आता निघाली आहेत, पण पाठ हलता कामा नये. प्लास्टरमध्ये पडून राहावं लागेल."

"किती दिवस?"

"महिन्यांचा हिशेब करा."

"आणि पाय?"

"हाडं सांधली तर पाय येतील. आत्ता शब्द देत नाही."

मी रडले नाही. 'क्षय' हा शब्द चाळीत कसा पसरेल आणि सासूबाई कोणतं फुलपात्र माझ्यासाठी वेगळं काढतील, हेच डोक्यात फिरत राहिलं. पाय येणार नाहीत याची भीती दोन दिवसांनी आली. मग मात्र चादर तोंडात धरून रडले.

बाजूची खाट

इस्पितळातला दिवस सगळा दुसऱ्यांच्या हातात असतो. ताप बघायची वेळ त्यांची, अंग पुसायची त्यांची, भांडं मागायची लाज तेवढी आपली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या लाजेनेच मी मरेन. मरत कुणी नाही. आठवड्याभरात मी आयाला हाका मारून भांडं मागू लागले, आणि ती उशीर करी तेव्हा तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले.

बाजूच्या खाटेवर मोहिनी होती, उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधी बाई. तिचा गुडघा प्लास्टरमध्ये होता. सिंधमधलं घर सोडून आलेली, लष्कराच्या जुन्या बराकीत एका खोलीत राहणारी, तिचा नवरा कॅम्पात कटपीस विकायचा. ती मला पहिल्या दिवसापासून 'अदी' म्हणायची. अदी म्हणजे बहीण.

एकदा मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती म्हणाली, "अदी, रोना है तो रो ले, मगर हाथ को काम दे. हाथ खाली, तो माथा खराब. मैं देखा है, बहुत देखा है."

"निजून काय काम करू, तुझा स्वेटर विणू?"

"विण ना! मेरे को लाल रंग पसंद है."

मी हसले. हसल्याने पाठीत कळ आली, तरी हसले.

घरी, पण घरात नाही

पुढे मला प्लास्टरसकट घरी पाठवलं. पुढच्या खोलीत खाट मांडली. फुलपात्र वेगळं झालंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाडांचा क्षय श्वासातून दुसऱ्याला लागत नाही. पण डॉक्टर मुंबईत आणि देवधरबाई शेजारी. त्या दारातूनच, नाकाला पदर लावून विचारायच्या, "कसं आहे हिचं?" जशी मी खोलीत नव्हतेच.

बेलवलीहून माझी आई आली. चार दिवस राहिली. जाताना सासूबाईंना म्हणाली, "तुम्हाला फार होतंय. मी हिला घेऊन जाऊ का?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मी ऐकलं. माहेरी गेलेली आजारी सून परत येते ती चालत, नाहीतर येतच नाही. पाय आले नाहीत तर हे घर माझं राहणार नाही, हे मला त्या दिवशी स्वच्छ कळलं. यांनी आईला हात जोडून सांगितलं, "ती इथेच राहील." आवाज मात्र त्यांचा कापत होता.

त्यानंतर महिनाभर मी छताचे वासे मोजले. वासे आणि त्यांच्या मधल्या फटी. एवढंच वाचन!

मग एके दिवशी टांग्यातून मोहिनी आली, काठी टेकत. पापडांचा डबा आणि एक मोठा घडी केलेला कागद तिने माझ्या पोटावर ठेवला. त्यांच्या बराकीत सैनिकांनी मागे टाकलेल्या सामानात तो सापडला होता. इतके दिवस तिने तो ट्रंकेत साड्यांखाली अंथरला होता. कागदावर कापून चिकटवायचं लढाऊ जहाज छापलेलं होतं, सुटं सुटं, पापडांसारखं मांडलेलं.

"ये ले," ती म्हणाली. "स्वेटर मेरे को नहीं चाहिए. जहाज बना."

संध्याकाळी यांनी कागद उजेडात धरून नीट पाहिला. "गंमत आहे. याला तळच नाही. पाण्याच्या वर दिसतं तेवढंच जहाज आहे. टेबलावर ठेवलं की टेबलच समुद्र."

मी म्हटलं, "माझ्यासारखंच. कमरेखाली काही नाही."

ते हसले नाहीत. कागद घडी करून बाजूला ठेवायला लागले तसा मी त्यांच्या हातातून ओढून घेतला.

चौपट

छापलेलं जहाज हातभरही नव्हतं. त्यातल्या तोफा तांदळाच्या दाण्याएवढ्या. हात वर धरून उताण्या माणसाने त्या कापायच्या म्हणजे सोंगच. पहिल्याच दिवशी एक तोफ माझ्या नाकात गेली. मी शिंकले, पाठ कळवळली, आणि मी ब्लेड भिंतीवर फेकून दिलं.

"आपण ते मोठं करू," हे म्हणाले. "चौपट. कारखान्यात रोज तेच करतो मी."

त्यांनी मूळ कागदावर पेन्सिलीने बारीक चौकोन आखले. जहाजाची लांबी बरोबर चाळीस चौकोन. आता मोठ्या कागदावर इंचाइंचाचे चौकोन काढायचे आणि प्रत्येक चौकोनात दिसतं ते जसंच्या तसं उतरवायचं. त्यांनी आपला ड्रॉइंगचा बोर्ड सुतळीने खाटेच्या दांड्यांना बांधून माझ्या छातीवर तिरपा टांगला. डेक त्यांनी रविवारी काढायचा आणि दोन्ही बाजू मी रोज, असं ठरलं.

पण उताणं निजून पट्टीने रेघ ओढून बघा एकदा. पट्टी घसरते. टाक तर लिहीतच नाही, शाई उलटी आपल्याच गळ्यावर येते. तेव्हा मी माझी युक्ती काढली. लहानपणापासून अंगणात ठिपक्यांची रांगोळी घातली होती. सुई घेऊन कागदावर इंचाइंचाने ठिपके टोचले आणि ठिपक्याठिपक्यांतून जहाज ओढलं. रेघा कशाला हव्यात? हे संध्याकाळी बघून म्हणाले, "असं ड्रॉइंग मी दाखवलं तर साहेब नोकरीवरून काढेल." पण कौतुक होतं त्यात.

कागद ताठ हवा होता. मोहिनीच्या नवऱ्याने बनियनच्या खोक्यांचे पुठ्ठे पाठवले आणि तोफांसाठी बारीक नळ्या. प्रश्न खळीचा होता. रेशनवर मिळणाऱ्या मैद्याची खळ करायची म्हटल्यावर सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. "खायला मिळत नाही आणि आगबोटीला मैदा!" त्या लढाऊ जहाजाला शेवटपर्यंत आगबोटच म्हणाल्या. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून चिंचोके भाजल्याचा वास आला. संध्याकाळी त्यांनी एक वाटी माझ्या उशाशी आदळली. आत चिंचोक्याची घट्ट, तपकिरी खळ.

"मैद्याच्या खळीने एवढाले पुठ्ठे धरतात होय? झुरळं खाऊन टाकतील. मोरचूद घातलाय त्यात. बोट तोंडात घालू नकोस."

वाटी वेगळी काढलेल्या भांड्यातली नव्हती. घरातली रोजची होती. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

एक इंच

पावसाळा संपत आला तेव्हा बाजू तयार झाल्या आणि डेकही. रविवारी सकाळी खाटेशेजारी ट्रंका मांडून त्यावर जुळवणी सुरू झाली. यांनी डेक बाजूंवर बसवला.

डेक पुढे आला. बाजू संपल्या आणि डेक जिभेसारखा बाहेर.

त्याच आठवड्यात मुंबईहून उत्तर आलं होतं की नव्या फोटोत हाड अजून पुरतं सांधलेलं नाही. प्लास्टर निदान हिवाळाभर राहील. मी ते गिळून बसले होते. हे पट्टी लावून म्हणाले, "एक इंच कमी. तुझ्या बाजू चुकल्या."

"माझ्या का? डेक चुकला असेल."

"मी रोज हेच काम करतो. चाळीस चौकोन, चाळीस इंच. तुझ्या रांगोळीला हिशेब नाही."

"मी चाळीस ठिपके मोजून घातलेत!"

"जाऊ दे. डेक कापून टाकतो इंचभर. कागदच तर आहे."

कागदच तर आहे! मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि उलट्या पावली आत गेल्या. हे चपला घालून निघून गेले. मला वाटलं, झालं. पाठही चुकली, जहाजही चुकलं, आणि हा माणूस शेवटी थकला. त्या दीड वर्षातला सगळ्यात वाईट दिवस तोच.

दुपारभर मी छताकडे बघत पडले. सवयीने वासे मोजले, मग फटी मोजल्या. पाच वासे, मधे चार फटी. सहा वासे, पाच फटी. वासा नेहमी एक जास्त. हे मी इतके महिने मोजत होते आणि कधी काही वाटलं नव्हतं.

मग मी ओरडलेच. "सासूबाई! ठिपके चाळीस घातले की घरं एकोणचाळीसच होतात!"

सासूबाई पीठभरल्या हातांनी धावत आल्या. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हवेतच बोटाने ठिपके मांडले, त्यांच्यामधून बोट फिरवलं, आणि कपाळावर हात मारला. पीठ सगळं कपाळाला. "अगं हो की! त्याचे चौकोन आणि आपले ठिपके! एकेचाळीस हवे होते."

अंगणात रांगोळी घालताना ठिपके मोजायचे, घरं कोण मोजतं? आणि ड्राफ्ट्समनला ठिपका म्हणजे काय ते ठाऊक नाही. दोघंही आपापल्या परीने बरोबर होतो आणि जहाज एक इंच आखूड होतं. शेवटी शेवटी जहाजाचं नाक ओढूनताणून आत घ्यावं लागलं होतं ते मला आठवलं. तेव्हा वाटलं होतं, हातच थकलाय.

हे दिवेलागणीला परत आले, हातात भज्यांचा पुडा. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनीच त्यांना वासे दाखवून सगळं समजावलं. ते बराच वेळ छताकडे मान वर करून उभे राहिले आणि मग इतके हसले की खाट हलली. डेक कापला नाही. मी दोन्ही बाजूंची नाकं कापून नवी केली, सांध्यावर नांगर चिकटवला. आजही नांगर उचलून बघितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. भजी तिघांनी एकाच पानातून खाल्ली.

मला तेव्हा एक गोष्ट कळली, ती पडून असणाऱ्या प्रत्येकीला सांगते. चूक झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. चूक कुठे आहे ते सापडलं की कापून नवं लावता येतं. माझ्या मणक्याचंही तसंच चाललं होतं, तिथे कापायचं नव्हतं, सांधायचं होतं, आणि त्याला वेळ लागत होता.

उभी

हिवाळ्यात डावा अंगठा हलला. मी कुणाला सांगितलं नाही, तीन दिवस एकटीच हलवून बघत राहिले. चौथ्या दिवशी यांना म्हटलं, "पायाकडे बघा." त्यांनी पाहिलं आणि खाटेच्या कडेवर मटकन बसले. मोठा माणूस हमसून रडताना मी पहिल्यांदा पाहिला.

जहाज तोवर पुरं होत आलं होतं. तोफा बसल्या, धुराडी उभी राहिली. छापलेल्या कागदावर इंग्रजांचा झेंडा होता. हे म्हणाले, "तो गेला, आता हा." तिरंगा त्यांनी काढला. मी जहाज रोज बघत होते, पण फक्त बाजूने. ट्रंकेची उंची आणि माझ्या डोळ्यांची उंची एकच होती. वरचं सगळं मी तुकड्यातुकड्याने केलं होतं, अख्खं कधी दिसलं नव्हतं.

फाल्गुनात प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी फोटो खिडकीसमोर धरला, आणि या वेळी सरळ माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, सांधलंय. पट्टा बांधून उभं राहायला शिका." चामड्याचा, आत पोलादी पट्ट्या असलेला तो पट्टा घोड्याच्या खोगिरासारखा होता. पहिल्यांदा उभी केली तेव्हा मला भोवळ आली. दुसऱ्यांदा उलटी झाली. पाय कापसाचे, पण ते माझे होते. खालची फरशी गार लागत होती. गार लागणं केवढं सुख असतं ते चप्पल हरवल्याशिवाय कळत नाही.

त्या वर्षी चैत्रातलं हळदीकुंकू करायचं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. मागच्या वर्षी केलंच नव्हतं. येणार कोण होतं? यंदा त्यांनी स्वतः चाळीत दारोदार जाऊन बोलावणं केलं. देवधरबाईंच्या दारात उभं राहून त्या काय म्हणाल्या ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. "आमची सून बरी झाली आहे. कुंकू तीच लावणार. यायचं असेल तर तिच्या हातचं घ्यायला या."

गौरीपुढे आरास मांडली. पायऱ्यांवर कापड, कोरलेलं कलिंगड, करंज्या, मातीचे पोपट. आणि खालच्या रुंद पायरीवर, निळ्या साडीवर, माझं लढाऊ जहाज. मोहिनी सकाळीच आली होती, ती निळी साडी तिचीच. तिने ती हाताने चुरगाळून लाटा केल्या. "समंदर ऐसा होता है, सीधा नहीं," ती म्हणाली. सिंधहून ती बोटीने समुद्र ओलांडून आली होती, तिला ठाऊक होतं.

मग यांनी एक हात धरला, सासूबाईंनी दुसरा, आणि मला आरासीसमोर उभं केलं. मी खाली पाहिलं.

माझं जहाज मी पहिल्यांदाच वरून बघत होते. अख्खं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढे निमुळतं, मधे भरलेलं, तोफा दोन्हीकडे रोखलेल्या. आपण बांधलेलं एवढं मोठं असतं हे निजून कळत नाही. मागची एक तोफ जरा वाकडी बसली होती. मी म्हटलं, "ती तोफ वाकडी आहे."

"आता वरून दिसायला लागलं ना, काढा चुका," हे म्हणाले. आवाज कापत होता, पण आता मला त्याचं भय नव्हतं.

बायका येऊ लागल्या. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. जी ती आधी जहाजाकडे बघायची आणि मग माझ्याकडे. देवधरबाई आल्या. पदर खांद्यावर होता, नाकावर नव्हता. त्या माझ्यासमोर थांबल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. मी यांचा हात सोडला, सासूबाईंचा सोडला, हळदीकुंकवाचं ताट एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने त्यांना कुंकू लावलं. कुंकू नेमकं मधोमध लागलं. इतके महिने हात वर धरून तोफा चिकटवल्या होत्या मी!

सासूबाईंनी मागून खुर्ची सरकवली. "पुरे आता. बस जरा."

"नाही बसत," मी म्हटलं.

"अगं, पाय भरून येतील."

"येऊ देत."

भरून आलेच. पोटऱ्या पेटल्या, पट्ट्याखाली घामाची धार लागली, आणि मला ते सगळं, अगदी सगळं, जाणवत होतं. शेवटची बाई पायरी उतरून जाईपर्यंत मी उभी होते.